एकर-गुंठे आणि हेक्टर-आर : मापे बदलण्याचा एक पाठ

शेतीच्या हिशेबात आकड्याइतकेच, किंबहुना आकड्याहून अधिक, महत्त्व मापाला आहे. बांधावर बोलताना शेतकरी एकर व गुंठे म्हणतो; सातबारावर हेक्टर व आर लिहिलेले असतात; कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी असते; दुकानदार एकरी सांगतो; आणि फवारणीस आलेला गडी पंपामागे किती घालावयाचे एवढेच विचारतो. जमीन तीच, पीक तेच. परंतु आकडा एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना त्याचे माप वाटेत गळून पडते. मग पेरणीच्या वेळी बियाणे अपुरे पडते, खत जास्त पडते किंवा औषधाचा गुण येत नाही. दोष बियाण्याला किंवा औषधाला दिला जातो. खरा दोष बहुधा हिशेबात असतो.

ही अडचण दूर करण्याचा सोपा मार्ग म्हणजे गावच्या शाळेतील वरच्या वर्गातील मुलामुलींना मापे बदलण्याचा पाठ नीट देणे. घरी आलेली पावती, पोत्यावरील मजकूर, औषधाच्या डब्यावरील बारीक अक्षरे आणि भ्रमणध्वनीवरील माहिती वाचून दाखविण्याचे काम अनेक घरांत हीच मुले करतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शिक्षकांच्या साहाय्याने हा पाठ कसा घ्यावा, याचा विचार येथे केला आहे. उदाहरणासाठी जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव घेतले आहे. कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या काळ्या जमिनीच्या या टापूत जे लागू पडते ते मराठवाड्यात बहुतेक सर्वत्र लागू पडेल. समर्थ रामदासांचा जन्म 1608 साली याच गावी झाला. दासबोधात अक्षर कसे काढावे यासाठी त्यांनी एक स्वतंत्र समास घातला आहे. तेव्हा आकडा कसा लिहावा याचा पाठ त्यांच्या गावापासून सुरू व्हावा हे उचितच होय.

एका आकड्याचे दोन अर्थ

समजा, जांब येथील एका शेतकऱ्याने दीड एकरात सोयाबीन पेरले आहे. दीड एकर म्हणजे 1 एकर 20 गुंठे. घरच्या वहीत तो हे 1.20 असे लिहितो. यात त्याची काही चूक नाही. पिढ्यान्‌पिढ्या असेच लिहिले जात आहे. पाऊण एकर 0.30, सव्वा एकर 1.10, पावणेदोन 1.30, अडीच 2.20, ही लिहिण्याची रीत घरोघर माहीत आहे. या रीतीत मधला बिंदू केवळ एकर आणि गुंठे वेगळे दाखविण्यासाठी असतो. तो दशांशचिन्ह नव्हे, कारण एकराचे गुंठे 100 नसून 40 असतात.

सातबारावर मात्र 1.20 याचा अर्थ 1 हेक्टर 20 आर असा होतो. हेक्टराचे आर 100 असल्यामुळे येथे बिंदू खरोखरच दशांशाचे काम करतो. आता दोन्हींची तुलना करावी. 1 एकर 20 गुंठे म्हणजे 60 गुंठे, अर्थात 60.70 आर. उलट 1 हेक्टर 20 आर म्हणजे 120 आर, अर्थात 118.6 गुंठे किंवा 2 एकर साडेअडतीस गुंठे. लिहिलेला आकडा एकच, परंतु क्षेत्र जवळजवळ दुप्पट.

हा भेद पूर्वी तलाठ्याच्या दप्तरापुरता होता. ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावयाची झाली. ती नोंद हेक्टर-आर या मापात करावयाची असते. घरच्या वहीतील 1.20 जसेच्या तसे तेथे घातले, आणि त्या गटात शेतकऱ्याची जमीन तेवढी असली, तर दीड एकर सोयाबीनची नोंद तीन एकरांच्या जवळपास होते. मग दुसऱ्या पिकाला क्षेत्रच उरत नाही आणि पुढे नुकसानीचा पंचनामा झाला म्हणजे कागद व शेत यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी खोटी नोंद केल्याचा ठपका प्रामाणिक माणसावर येऊ शकतो.

दुसरी चूक बेरजेची. दोन तुकडे, एक 1 एकर 30 गुंठ्यांचा व दुसरा 1 एकर 20 गुंठ्यांचा. मुलगा भ्रमणध्वनीवर 1.30 अधिक 1.20 अशी बेरीज करतो, उत्तर 2.50 येते आणि घरात अडीच एकर असे सांगितले जाते. खरी बेरीज 3 एकर 10 गुंठे, म्हणजे सव्वातीन एकर आहे. तीस गुंठे जमीन यंत्राने गिळली! भावांच्या वाटणीच्या बोलण्यात अशी बेरीज झाली तर काय होईल हे सांगावयास नको. यंत्र बिनचूक असते, पण मधला बिंदू गुंठ्यांचा आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यास्तव पाठाचा पहिला नियम असा ठेवावा की फळ्यावर किंवा वहीत नुसता बिंदू देऊन क्षेत्र कधीही लिहू नये. 1 ए. 20 गुं. किंवा 0 हे. 60.70 आर, असे मापासह लिहावे. मुलांना हे प्रथम कंटाळवाणे वाटेल. आठ दिवस आग्रह धरला की सवय होते.

दोन मापे आली कोठून

मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत 33 फुटांची साखळी वापरीत. तिचे सोळा भाग, त्यांस आणे म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट किंवा 121 चौरस यार्ड. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. सोळा आण्यांचा रुपया ज्याच्या हाती होता त्याला सोळा आण्यांची साखळी परकी वाटली नसेल.

पुढे केंद्र सरकारने 1956 साली वजने व मापे यांच्या प्रमाणांचा कायदा केला. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने आली आणि 1962 साली शेर-मणाची वजने व्यवहारातून कायद्याने बाद झाली. जमिनीच्या कागदांवर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. बाजाराने किलो लवकर स्वीकारला, कारण वजन रोज बदलून हाती येते. जमीन मात्र हलत नाही. तिचे जुने नावही हलले नाही.

मराठवाड्याला तर रूपांतराची सवय इतरांहून अधिक होती. निजामी राजवटीत येथे हाली सिक्का चालत असे व शेजारच्या मुलुखात कलदार. हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा रुपये हा हिशेब बाजारकरी तोंडाने करीत. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. हे पाढे गेले याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. परंतु अडीचकी तेवढी राहिली असती तर बरे झाले असते. हेक्टराचे एकर करण्यास आज तिच्याइतके सोयीचे दुसरे साधन नाही.

पायली आणि अधोली

मुलांची मुख्य अडचण गुणावे की भागावे ही असते. कोष्टक पाठ असूनही हेक्टराचे एकर करताना मूल भागाकार करून बसते. ही अडचण कोष्टकाने सुटत नाही. ती डोळ्यांनी पाहावी लागते.

कोणाच्या तरी घरी जुनी पायली व अधोली निघतेच. दोन पायल्या ज्वारी पथारीवर ओतावी. तीच ज्वारी अधोलीने मोजावयास लावावी. चार अधोल्या भरतात. ढीग वाढला काय, असे विचारावे. मुले हसतील, परंतु उत्तर त्यांच्याच तोंडून यावयास पाहिजे की ढीग तेवढाच आहे, माप लहान झाले म्हणून आकडा मोठा झाला. मग लगेच विचारावे की हेक्टर मोठा की एकर? हेक्टर मोठा. तर त्याच शेताचा हेक्टरातील आकडा लहान असणार की मोठा? लहान. एवढे मनात ठसले की गुणाकार-भागाकाराचा घोळ बराचसा संपतो. ज्याचे उत्तर 2 हेक्टर म्हणजे 0.81 एकर असे आले आहे ते मूल आपली चूक आपणच धरते.

याच वेळी आणखी एक गोष्ट दाखवून घ्यावी, कारण पुढे औषधाच्या वेळी ती उपयोगी पडते. एक पायली ज्वारी व एक पायली सरकी वजनकाट्यावर ठेवावी. माप एकच, परंतु वजने निराळी येतात. पायली हे जागेचे माप आहे, किलो हे वजनाचे. एकाचे दुसरे करावयाचे तर जिन्नस कोणता ते ठाऊक पाहिजे. नुसत्या कोष्टकाने ते होत नाही.

दोरीचा पाठ

पुढील भाग शेतातच घ्यावा. रब्बीची काढणी झाल्यावर मोकळे रान मिळते. सकाळची वेळ उत्तम. आठ खुंट्या, सुताची लांब दोरी आणि मीटर व फूट या दोन्ही खुणा असलेली मोजपट्टी एवढे सामान पुरते. मुलांबरोबर त्यांचे वडील किंवा आई आल्यास अधिक चांगले.

प्रथम 33 फूट बाजूचा चौरस आखावा. काटकोन साधण्यासाठी 3, 4 व 5 या मापांचा दोरीचा त्रिकोण वापरावा. हा झाला एक गुंठा. त्याच्या एका कोपऱ्यापासून 10 मीटर बाजूचा दुसरा चौरस आत आखावा. हा झाला एक आर. दोन्ही दोऱ्या जवळजवळ एकमेकींवर येतात. 33 फूट म्हणजे 10.058 मीटर, तेव्हा दोन बाजूंतील अंतर सहा सेंटिमीटरांहूनही थोडे कमी, साधारण तीन बोटे. ते बोटांनी मोजूनच दाखवावे. शेतकऱ्यांना या गोष्टीचे फार नवल वाटते. आर हे कोणते तरी सरकारी माप, आपल्याशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत असते. आणि तो तर आपल्याच गुंठ्याचा धाकटा भाऊ निघतो.

नक्की सांगावयाचे तर एक गुंठा म्हणजे 1.0117 आर. शंभर गुंठ्यांमागे आर सव्वाने जास्त, एवढे लक्षात ठेवले तरी बांधावर काम भागते; कागदासाठी 1.0117 हाच आकडा घ्यावा. यावरून बदलण्याची रीत फार सोपी होते. एकर-गुंठे असतील तर प्रथम सर्वांचे गुंठे करावे, म्हणजे एकरांना 40 ने गुणून वरचे गुंठे मिळवावे. त्या आकड्याला 1.0117 ने गुणावे, आर आले. 100 आरांचा एक हेक्टर काढावा. उदाहरणार्थ, 3 एकर 15 गुंठे म्हणजे 135 गुंठे, 1.0117 ने गुणून 136.58 आर, म्हणजे 1 हेक्टर 36 आर 58 चौरस मीटर. सातबाराच्या नव्या नमुन्यात हेक्टर, आर व चौरस मीटर अशी तीन घरे असतात, तेथे हे 1.36.58 असे दिसेल. उलट जाताना आरांना 0.9884 ने गुणावे व 40 गुंठ्यांचा एकर काढावा. 1 हेक्टर 62 आर म्हणजे 162 आर, म्हणजे 160.1 गुंठे, म्हणजे बरोबर चार एकर. गुंठ्यांवरून जाण्याची ही वाट थोडी लांबची दिसते, परंतु तीत बिंदूचा फसवा आकडा कोठेही लागत नाही.

हेक्टर म्हणजे अडीच एकर असे सर्रास म्हणतात. खरा आकडा 2.471, म्हणजे 2 एकर 19 गुंठ्यांना किंचित कमी. बियाण्याच्या अदमासाला अडीच चालेल. खरेदीखत, वाटणी व मोजणी यांत तो चालणार नाही, कारण दर हेक्टरी गुंठ्याहून अधिक फरक पडतो आणि गुंठ्यावरून कोर्टात गेलेली भावकी प्रत्येक गावात आहे.

यानंतर मुलांकडून एक मोकळा तुकडा मोजून घ्यावा. समजा तो 45 मीटर लांब व 54 मीटर रुंद निघाला. क्षेत्रफळ 2,430 चौरस मीटर. काही मुले याला 10 ने भागतील, कारण आराची बाजू 10 मीटर हे त्यांनी नुकतेच पाहिले आहे. त्यांना रागावू नये. 10 मीटरच्या चौरसात एकेका मीटरच्या रेघा ओढावयास लावाव्या व आतील घरे मोजून घ्यावी. ती 100 भरतात. म्हणून 100 ने भागावयाचे, उत्तर 24.30 आर, गुंठे 24.02. हीच चूक फुटांत होते. मीटर म्हणजे 3.28 फूट हे पाठ असते, म्हणून चौरस मीटर म्हणजेही 3.28 चौरस फूट असे मूल धरून चालते. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट होतात, हेही जमिनीवर आखूनच पटते.

एक सूचना येथे करणे आवश्यक आहे. सरावासाठी मुलांना घरचा सातबारा वर्गात आणावयास सांगण्याचा मोह होतो, तो टाळावा. कोणाची जमीन किती, कोणाच्या नावावर बोजा किती, हे वर्गात उघडे पडते व त्यातून गावात नसते बोलणे निघते. सरावाचे आकडे कल्पित असावेत. ज्याला घरचा हिशेब करावयाचा त्याने तो घरी करावा. मात्र घरी करताना पोटखराबा वजा करण्यास विसरू नये. बियाणे व खत लागवडीच्या क्षेत्रालाच लागते, नाल्याला व खडकाला नाही.

बियाणे व खत

क्षेत्राचे माप पक्के झाले की बाकीचा हिशेब सोपा आहे. वरचेच दीड एकराचे, म्हणजे 0.607 हेक्टराचे शेत घ्यावे. सोयाबीनचे बियाणे हेक्टरी 75 किलो धरल्यास 45.5 किलो लागेल. एकरी 30 किलो या नेहमीच्या बोलीनेही 45 किलो येतात, तेव्हा दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. परंतु 1.20 हा आकडा यंत्रात घालून 30 ने गुणल्यास 36 किलो येतात. नऊ किलो बियाणे कमी. पेरणी संपण्यापूर्वीच चाडे रिकामे होते, किंवा पाभर विरळ धरावी लागते.

खताच्या हिशेबात आणखी एक पायरी वाढते. मराठवाड्यात सोयाबीनला हेक्टरी 30 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 30 किलो पालाश अशी शिफारस प्रचलित आहे; माती परीक्षणाच्या अहवालावरून तीत बदल करावयाचा असतो. हे आकडे अन्नद्रव्यांचे आहेत, पोत्यातील खताचे नाहीत. 60 किलो स्फुरद म्हणजे 60 किलो सुपर फॉस्फेट असे धरणारे पुष्कळ भेटतात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद शेकडा 16, युरियात नत्र शेकडा 46, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश शेकडा 60. दीड एकराला स्फुरद 36.4 किलो लागेल, त्याला 0.16 ने भागून सुपर फॉस्फेट 228 किलो. नत्र 18.2 किलो, 0.46 ने भागून युरिया सुमारे 40 किलो. पालाश तितकाच, 0.60 ने भागून म्युरेट सुमारे 30 किलो.

शेवटी किलोंची पोती करावयाची, आणि येथेही एक खाचखळगा आहे. सुपर फॉस्फेटचे पोते 50 किलोंचे असते, म्हणून 228 किलोंना साडेचार पोती पुरतात. युरियाचे पोते मात्र 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोंचे झाले. जुन्या सवयीने एकरी अमुक पोती असे सांगणाऱ्याचा हिशेब तेव्हापासून दर पोत्यामागे पाच किलोंनी चुकतो. पोती न मोजता त्यांवर छापलेले वजन वाचावे, हे मुलांना दुकानात नेऊन दाखविल्यास उत्तम.

फवारणीचा हिशेब

चुकीची किंमत सर्वांत जास्त येथे मोजावी लागते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्यामागे एकच कारण नव्हते. डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, उकाडा, निरनिराळ्या औषधांचे मनमानी मिश्रण, तोंडाला फडके नसणे अशी अनेक कारणे एकत्र आली होती. म्हणून हिशेब बरोबर केला की धोका संपला असे कोणी समजू नये. परंतु औषध बुचाने किंवा अंदाजाने ओतण्याची सवय मोडल्याशिवाय बाकीच्या खबरदाऱ्याही पाळल्या जात नाहीत, एवढे निश्चित.

कपाशीवरील बोंडअळीसाठी इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के दाणेदार हे औषध घ्यावे. त्याच्या वेष्टनावर हेक्टरी 190 ते 220 ग्रॅम व पाणी 500 लिटर असे असते. वरची मर्यादा धरल्यास 220 ला 500 ने भागून दर लिटरला 0.44 ग्रॅम येते. पाठीवरचा पंप 16 लिटरचा असेल तर पंपामागे 7 ग्रॅम. पंप 10 लिटरचा असेल तर 4.4 ग्रॅम. आपला पंप किती लिटरांचा आहे हे त्यावरील खुणेवरून पाहून ठेवावे. शेजाऱ्याने सांगितलेले पंपामागचे प्रमाण त्याच्या पंपाचे असते.

एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. शिफारस क्षेत्राला असते, पंपाला नसते. कपाशी दीड एकर असेल तर 0.607 ने गुणून औषध 134 ग्रॅम व पाणी 304 लिटर, म्हणजे 16 लिटरचे 19 पंप. पूर्ण वाढलेल्या कपाशीत 7 ग्रॅमप्रमाणे दहाच पंपांत दीड एकर उरकले, तर पंपातील प्रमाण बरोबर असूनही शेताला औषध निम्मेच मिळाले. अळी मरत नाही, मग पुढच्या वेळी पंपात दुप्पट औषध पडते, आणि ते फवारणाऱ्याच्या अंगावर येते. मुलांना हे सांगण्यासाठी साध्या पाण्याने फवारणी करून एक गुंठा भिजविण्यास किती लिटर लागले ते मोजून घ्यावे व 98.84 ने गुणून हेक्टराचे पाणी काढावे. औषधाविना हा प्रयोग करावयाचा आहे. मुलांच्या हाती औषधाचा डबा कोणत्याही कारणाने देऊ नये.

आता पायलीची आठवण करून द्यावी. औषधाबरोबर येणारे माप किंवा घरातील 5 मिलिलिटरचा चमचा द्रव औषधाला ठीक. त्याने भुकटी किंवा दाणे मोजल्यास 5 ग्रॅम येतीलच असे नाही. मिलिलिटर जागेचे माप, ग्रॅम वजनाचे. ग्रॅममध्ये सांगितलेले औषध लहान वजनकाट्यावरच तोलावे. असा काटा दोन-चार घरांनी मिळून घेतला तरी चालेल, मात्र तो पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. दुकानदार द्रव औषध सीसीमध्ये सांगतात. एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. निंबोळी अर्कासारखी टक्क्यांची मापे याहून सोपी: 5 टक्के अर्क म्हणजे 100 लिटर द्रावणाला 5 किलो निंबोळ्या, 10 लिटरला अर्धा किलो.

कापसाची खंडी

बाजारभावाच्या बातमीत रुईचा भाव खंडीवर सांगतात. जुन्या माणसांच्या कानी खंडी म्हणजे वीस मण. 40 शेरांचा प्रमाण मण 37.32 किलोंचा धरल्यास ती 746 किलोंची होते. कापसाच्या व्यापारातील खंडी निराळी. ती 784 पौंडांची, म्हणजे सुमारे 356 किलोंची, व तीही सरकी काढलेल्या रुईची. शेतकरी विकतो तो कापूस सरकीसह व क्विंटलवर. एक क्विंटल कापसातून सुमारे 34 किलो रुई निघते.

समजा खंडीचा भाव 56,000 रुपये आहे. 355.6 ने भागून रुईचा किलोचा भाव 157.48 रुपये, 34 किलोंचे 5,354 रुपये. राहिलेली सरकी, घट सोडून, 64 किलो. किलोला 30 रुपये धरल्यास 1,920 रुपये. एकूण 7,274 रुपये. यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक व व्यापाऱ्याचा नफा जाऊन क्विंटलचा भाव ठरतो. खेडा खरेदीस आलेल्या व्यापाऱ्याशी बोलण्यापूर्वी घरच्या मुलीने हा हिशेब वहीत मांडून ठेवला असेल, तर बापाला घासाघीस कोठे थांबवावी हे कळते.

सरावासाठी उदाहरणे

पुढील उदाहरणे प्रथम अदमासाने सोडवून घ्यावी व मग कागदावर. पाऊण एकराचे आर किती? 30 गुंठे, म्हणजे 30.35 आर. एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एकराचे चौरस मीटर 4,047. उत्तर सुमारे 1,01,000 लिटर. कपाशी 2 एकर 10 गुंठे आहे, वरच्या औषधाची वरची मात्रा किती? 90 गुंठे, म्हणजे 0.91 हेक्टर, औषध 200 ग्रॅम, पाणी 455 लिटर, 16 लिटरचे साडेअठ्ठावीस पंप.

2 हेक्टर 5 आर हे बिंदू देऊन लिहावयास सांगावे. निम्मी मुले 2.5 लिहितील. ते 2 हेक्टर 50 आर होते, म्हणजे 6 एकर 7 गुंठे. बरोबर लेखन 2.05, ते 5 एकर अडीच गुंठे. आराच्या जागी नेहमी दोन अंक लिहावयाचे.

शेवटचे उदाहरण वजाबाकीचे. 3 एकर 25 गुंठ्यांतून 1 एकर 30 गुंठे विकले, उरले किती? यंत्र 1.95 दाखविते. खरे उत्तर 145 गुंठ्यांतून 70 गुंठे वजा जाऊन 75 गुंठे, म्हणजे 1 एकर 35 गुंठे. एकर-गुंठ्यांच्या हिशेबात गुंठ्यांच्या जागी 39 पेक्षा मोठा आकडा दिसला की तो हिशेब पुसून सर्वांचे गुंठे करावे व पुन्हा मांडावा.